आषाढीच्या आदल्या रात्रीपासून मृगापर्यंत : ॲटलास पतंगाचं एक वर्ष

२८ जून २०२३. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता, साताऱ्याकडच्या पाटण खोऱ्यात त्याला जेमतेम तीन-चार दिवस झाले होते. रात्री साडेअकराला ओसरीच्या बल्बखाली भिंतीवर पतंग बसलेला दिसला. शेजारच्या मामी बघायला आल्या आणि दारातच थबकल्या : "आवं, ह्ये पाखरू हाय का वटवागूळ?" पट्टी धरून मोजलं तर पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २२ सेंटीमीटर. रंग विटकरी-तपकिरी, चारही पंखांवर काचेच्या कपचीसारखी एकेक आरपार त्रिकोणी खिडकी, पुढच्या पंखांची टोकं नागाच्या तोंडासारखी वळलेली.

हा ॲटलास पतंग. 'ॲटलास' हे नाव लिनिअसनं १७५८ साली दिलं. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात 'दुर्मीळ पतंग आढळला' अशी चौकट येते, पण कोयना-महाबळेश्वरच्या पट्ट्यात तो तितका दुर्मीळ नाही. पंख फुटल्यावर आठवडाभरच जगतो, तोही रात्रीचा हिंडतो, म्हणून दिसत नाही एवढंच.

अंडी हाती आल्यावर पुढे काय करायचं, हे शोधायला गेलं की इंग्रजीत भरपूर सापडतं. त्यातलं बरंचसं थंड देशांतल्या हौशी लोकांनी हीटर लावलेल्या खोलीत बसून लिहिलेलं आहे. आपला एप्रिल, आपल्या मुंग्या आणि पेरूवरची फवारणी त्यात नसते. म्हणून हे तारीखवार.

आधी नर की मादी ते बघावं. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद, मादीच्या अरुंद, आणि मादीचं पोट ठळकपणे जाड. आमच्या भिंतीवरची मादी निघाली. दिव्यावर आलेल्या मादीचं मीलन बहुधा आधीच झालेलं असतं. कारण मीलन न झालेली मादी आपल्या कोषाजवळच लटकून कामगंध, म्हणजे नराला बोलावणारा वास, सोडत बसते, उडायला लागते ती अंडी घालायच्या वेळी. त्यामुळे अशा मादीची अंडी उबण्याची शक्यता चांगली असते.

किराणा दुकानातला पुठ्ठ्याचा उभा खोका घेतला, आतून वर्तमानपत्र लावलं, वरून मलमल बांधली. बुटाचा खोका घेऊ नये, बुटका पडतो आणि फडफडून पंख फाटतात. प्लॅस्टिकचा डबा तर नकोच. साखरपाणी, केळं, मध काहीही ठेवायचं नाही, कारण या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो उरलेले दिवस काढतो. एकच रात्र ठेवली आणि २९ तारखेला तिन्हीसांजेला समोरच्या पेरूवर सोडून दिली. मादी सगळी मिळून शंभर ते दोनशेच्या आसपास अंडी घालते. आमच्या खोक्यात ६२ पडली होती, बाकीची तिनं बाहेर घातली असतील. तिला शेवटच्या अंड्यापर्यंत कोंडून ठेवायची हाव धरू नये. ६२ अळ्यासुद्धा एका घराला फार होतात.

अंडी साधारण अडीच मिलिमीटरची, मोहरीहून मोठी आणि ज्वारीच्या दाण्याहून लहान. वर तांबूस-तपकिरी डिंकाचा लेप असतो आणि त्यानंच ती घट्ट चिकटतात. नखानं खरवडली तर फुटतात. जिथे चिकटली असतील तो कागद कात्रीनं कापून घ्यायचा. कागदाचे तुकडे झाकणाला सुईनं भोकं पाडलेल्या डबीत ठेवले. पावसाळ्यात पाणी शिंपडायची गरज नाही, उलट बुरशी येते.

आता कागदपत्रांचं. अंडी घराच्या ओसरीत मिळाली असली तरी प्राणी रानचा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहाच्या चार अनुसूच्या झाल्या. त्यामुळे जुन्या लेखांत 'अमुक अनुसूचीत आहे' किंवा 'नाही' असं वाचून निर्धास्त होऊ नका, आजची यादी बघूनच विचारा. एक गोष्ट मात्र तेव्हाही पक्की होती आणि आजही आहे : अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही. कोयना अभयारण्य १९८५ पासूनचं, २०१० पासून ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथल्या झाडावर कोष दिसला तर फोटो काढा आणि पुढे चला.

३ जुलैला वनखात्याच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज दिला. विषय : 'राहत्या घराच्या ओसरीत पतंगाने घातलेल्या अंड्यांची माहिती देणे व संगोपनाबाबत मार्गदर्शन मिळणे.' सोबत चार फोटो, आधारची प्रत, घराचा नमुना ८ आणि पेरूची झाडं मालकी जमिनीत आहेत हे दाखवायला सात-बारा. डिजिटल सहीचा सात-बारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का त्याच वेळी मारून घ्यावा. 'राहू द्या, साहेब आले की देतो' याला भुलू नये. पहिल्या खेपेला साहेब फिरतीवर, दुसऱ्या खेपेला वृक्षलागवडीची बैठक. तिसऱ्या खेपेला, २४ जुलैला, एक वनपाल घरी येऊन अळ्या बघून गेले. जागेवरच पंचनाम्यासारखी चार ओळींची नोंद केली : संगोपन खासगी जागेत, विक्री नाही, पतंग त्याच ठिकाणी सोडणार. त्या नोंदीची प्रत मागून घेतली. या २१ दिवसांत धाकधूक होती, कारण अळ्या काही सरकारी उत्तराची वाट बघत थांबत नाहीत.

९ जुलैला पहाटे पहिली अळी बाहेर आली, १० तारखेच्या दुपारपर्यंत ५४. म्हणजे अकरा-बारा दिवस लागले. घरातलं तापमान २३ ते २५ अंश होतं. अळी आधी अंड्याचं कवच थोडं कुरतडून खाते. ते काढून घेऊ नये.

कुठला पाला द्यायचा हे अंडी उबण्याच्या आधी ठरलेलं असायला हवं. ॲटलासची अळी बरीच झाडं खाते : पेरू, लिंबूवर्गीय झाडं, दालचिनी, महारुख. पण एकदा एका पाल्यावर लागलेली अळी मधेच दुसऱ्यावर घातली की बहुतेकदा उपाशी मरते. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत कुठला पाला पुरेल, हा हिशेब पहिल्या दिवशी करायचा. आमच्याकडे परसात दोन जुने पेरू होते, त्यांच्यावर कधीच फवारणी झालेली नव्हती. बागेतल्या पेरूचा पाला आणू नका. हल्लीची बरीच औषधं आंतरप्रवाही असतात, ती पानाच्या आत भिनलेली असतात, पान धुऊन काही होत नाही. लिंबावरही पान पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी केलेली असते. झाड स्वतःचं असेल तरी शेजारच्या रानात काय मारतात ते विचारून घ्या. शंका असेल तर दोन-तीन अळ्यांना तो पाला घालून एक दिवस थांबा. त्या टवटवीत राहिल्या तर बाकीच्यांना घाला.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त मरतूक होते, इथे खचून जाऊ नये. नवी अळी जेमतेम अर्धा सेंटीमीटर, काळसर, अंगावर पांढुरके काटे. ती पानावर न बसता डबीभर फिरत राहते आणि फिरून फिरून दमून मरते. याला उपाय दोन. डबी लहान ठेवायची, म्हणजे फिरली तरी पानाशीच येते. आणि शेंड्याकडची कोवळी, पण पूर्ण उघडलेली पानं द्यायची. हात लावायचा नाही. उचलायचीच झाली तर चित्रकलेच्या मऊ ब्रशनं उचलायची, तोही कोरडा. इतकं करूनही पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे १५ जुलैपर्यंत, ५४ पैकी ३० उरल्या.

कात टाकायच्या आधी अळी एक-दीड दिवस खाणं सोडते, पानाच्या मागे रेशमाची बारीक गादी विणून तिला पाय रोवून डोकं वर करून निश्चल बसते. नवख्या माणसाला वाटतं, आजारी पडली. तिला त्या गादीवरून सोडवून ताज्या पानावर ठेवली की झालं नुकसान : मागचे पाय रोवलेले नसले तर जुनी कातडी ओढून निघत नाही, अंगाला अडकते. पाला बदलताना तिचं पान तसंच कापून नव्या डहाळीवर ठेवायचं, हवं तेव्हा ती आपोआप उतरते.

दुसऱ्या अवस्थेपासून अंगावर पांढरी मेणचट भुकटी येते, पिठात घोळल्यासारखी. पुढच्या काती २०, २६ जुलै आणि २, १० ऑगस्टला. म्हणजे एकूण पाच वेळा. चौथ्या कातीनंतर रंग निळसर-हिरवा होतो, पाठीवर मांसल टोकं येतात आणि सगळ्यात मागच्या पकडीच्या पायांवर शेंदरी रंगाचं कडं दिसतं. या वयात छेडलं तर अळी अंगातून उग्र वासाचा द्रव वीतभर लांब उडवते. डोळ्यात जाऊ देऊ नका, लहान मुलांना जवळ तोंड नेऊ देऊ नका. अळी डहाळीवरून ओढून काढू नये. ती पकड सोडत नाही आणि पाय तुटतो. डहाळीच कापावी.

तिसऱ्या कातीनंतर डबे पुरेनात. १८ अळ्या घरात जाळीच्या खोक्यात ठेवल्या आणि १२ बाहेर पेरूच्या फांदीवर मलमलीच्या पिशवीत बांधल्या. दोन्हीकडे चुका झाल्या, त्या वेगवेगळ्या होत्या.

घरात डहाळ्या पाण्याच्या बाटलीत ठेवतात. बाटलीचं तोंड कापसानं घट्ट बुजवायचं, नाहीतर अळ्या देठावरून खाली उतरतात आणि थेट पाण्यात जाऊन बुडतात. डहाळीचं टोक तिरकं कापलं तर पाला दोन दिवस ताजा राहतो. पण आमची खरी चूक हवेची झाली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात संततधार होती. घरातला ओलावा ९० टक्क्यांच्या वर, त्यात जाळीला पाणी लागू नये म्हणून तीन बाजूंनी प्लॅस्टिक लावलं. खाली लेंड्या साचल्या, त्या ओल्या झाल्या, वाफ कोंडली. दोन दिवसांत अळ्यांच्या लेंड्या घट्ट राहिल्या नाहीत, पातळ पडू लागल्या. मग एकेक अळी मधल्या पायांवर उलटी लोंबकळून काळी पडली. सात गेल्या. तुतीच्या रेशीमकिड्यांत असली मर काय करते हे इथल्या रेशीम उत्पादकांना चांगलं ठाऊक आहे. त्यांचा नियम ॲटलासलाही चालतो : बेड कोरडा, हवा खेळती, आजारी अळी लगेच बाहेर. वेगळी काढायची म्हणजे चिमट्यानं उचलून चुन्याच्या पाण्यात टाकायची आणि चिमटा, खोका ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवायचा. मेलेली अळी कचऱ्यात टाकून त्याच हातानं पाला घातला तर काहीच उपयोग नाही. रेशीम शेडमध्ये जाऊन आल्यावर कपडे बदलल्याशिवाय अळ्यांजवळ जाऊ नये, आणि इथून तिकडेही.

त्याच आठवड्यात घरात डासांची कॉइल कुणी लावायची नाही असा फतवा निघाला. कॉइल, लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे यातलं काहीही त्या खोलीत नको, शेजारच्या खोलीतही नको. श्रावण अधिक आला होता, घरात धूप-उदबत्ती रोजची. देवघरातला धूर दार लावून तिकडेच ठेवला.

बाहेरच्या पिशवीला हवेचा त्रास नव्हता, पाला ताजा होता, लेंड्या खाली पडत होत्या. पण गांधीलमाशीनं शिवणीपाशी भोक मोठं केलं आणि चार अळ्या गेल्या. एकीचं अर्धं धड पानाला लटकलेलं सापडलं. दुसरी गोष्ट दिसलीही नाही, कळली सप्टेंबरमध्ये. पिशवी सैल बांधलेली नव्हती, कापड पानांना आणि अळ्यांना टेकत होतं. परजीवी माशी कापडाच्या बाहेर बसून टेकलेल्या अळीच्या कातडीवर अंडी चिकटवते. रेशीमवाले जिला उझी माशी म्हणतात, तिचीच ही भावंडं. तुम्ही पिशवी कराल तेव्हा आत काडीची दोन रिंगणं घालून कापड फांदीपासून चार बोटं लांब राहील असं करा. मुंग्यांसाठी फांदीला ग्रीस लावा. घरातल्या खोक्याचे पाय मात्र पाण्याच्या वाट्यांत ठेवले की पुरतं, दुधाच्या पातेल्याला मुंग्या लागू नयेत म्हणून आपण ठेवतो तसंच.

शेवटच्या अवस्थेत अळी दहा-अकरा सेंटीमीटर होते, अंगठ्याएवढी जाड. एका अळीला दिवसाला पेरूची सहा ते आठ मोठी पानं लागतात. १९ अळ्या म्हणजे रोज दीडशेच्या घरात पानं. रात्री शांततेत त्यांच्या चावण्याचा आवाज येतो, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा. बाहेर मात्र पाऊस नव्हता. २०२३चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. आमच्याकडेही हवेतला ओलावा ७०च्या खाली उतरला आणि पाला लवकर सुकू लागला. तेव्हा मात्र डहाळ्यांवर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारावा लागला. जुलैत पाणी नको आणि ऑगस्टमध्ये हवं : घड्याळवजा ओलावामापक ३५० रुपयांना मिळतो, तो यासाठी घ्यावा.

२१ ऑगस्ट, नागपंचमी. पहिल्या अळीनं खाणं थांबवलं, एक मोठी पातळ विष्ठा टाकली आणि ती फिरू लागली. जुलैतल्या आजाराच्या आठवणीनं धस्स झालं. पण हे वेगळं : आजारी अळी लुळी पडते, ही तरतरीत असते, पोट रिकामं केल्यावर जराशी आखूड आणि चकचकीत दिसते. तिला आता पान निवडायचं असतं. निवडलं की ती आधी कोष विणायला घेत नाही. पानाच्या देठावर वर-खाली करत रेशीम गुंडाळते आणि देठ थेट फांदीला बांधून टाकते. पान पुढे वाळून गळेल, कोष गळू नये म्हणून ही सोय. दोर पक्का झाल्यावर दोन-तीन पानं ओढून घेते आणि त्यांच्या आत विणते. वीण बाहेरून दिसेनाशी व्हायला एक दिवस लागतो, आत काम आणखी दोन-तीन दिवस चालतं. या काळात डहाळी हलवू नये, बाटलीतलं पाणीही बदलू नये. पुढे आठवडाभर ती अळीच्याच रूपात आत पडून असते, मग कात टाकून प्युपा होतो, म्हणजे अळी आणि पतंग यांच्यामधली निश्चल अवस्था. त्याआधी कोष हातात घेऊन बघणाऱ्यांनी कितीतरी कोष वाया घालवले असतील.

कोष ७-८ सेंटीमीटर लांब, तपकिरी, हाताला जाड कागदासारखा लागतो. वरच्या टोकाला विणीतच एक मिटलेली फट असते. टसर रेशमाचा पतंग पाचक रस सोडून कोष मऊ करतो आणि वाट काढतो, ॲटलासला त्याची गरज नाही, तो त्या फटीतून सरकून बाहेर येतो.

इथे प्रत्येक जण विचारतो : रेशीम किती निघालं? विकता येतं का? तुतीच्या किड्याचा धागा अखंड असतो, म्हणून तो उकलता येतो. ॲटलासचा धागा तुटक असतो, उकलत नाही, कातावा लागतो. त्याला फगारा रेशीम म्हणतात. मजबूत असतं, पण त्यासाठी शेकड्यांनी रिकामे कोष हवेत. उत्पन्नाचा विचार असेल तर तुती लावा आणि जिल्हा रेशीम कार्यालयात जा, हा पतंग त्यासाठी नाही.

३० ऑगस्टपर्यंत १९ कोष झाले. घरातले ११, पिशवीतले ८. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पिशवीतल्या तीन कोषांखाली पांढऱ्या अळ्या आणि त्यांचे गूळरंगी, गव्हासारखे कोष पडलेले सापडले. ती उझीची भावंडं. राहिले १६.

गणपती १९ सप्टेंबरला बसले. २४ तारखेला सकाळी नऊच्या सुमारास पहिला नर बाहेर आला. कोष झाल्यापासून साधारण पाच आठवडे. बाहेर येतो तेव्हा पंख बोटाच्या पेराएवढे, ओले, जाड. त्याला लगेच चढायला खडबडीत काहीतरी आणि पंख सोडायला खाली मोकळी जागा हवी असते. पोटातला द्रव पंखांच्या शिरांत चढतो, पंख पडद्यासारखे खाली उतरतात. तासाभरात आकार पूर्ण होतो आणि वाळून कडक व्हायला संध्याकाळ उजाडते. दुसरा कोष आम्ही फोटोसाठी गुळगुळीत बरणीत ठेवला होता. नर काचेवरून घसरत राहिला आणि त्याचे पंख चुरगळलेलेच वाळले. ते नंतर सरळ करता येत नाहीत. पिंजऱ्याची उंची किमान दोन फूट हवी, चारही बाजू कापडाच्या, कोष वरच्या टोकाला दोऱ्यानं टांगलेले. खाली कागद घाला, कारण पंख वाळल्यावर पतंग तपकिरी पाणी टाकतो. ते रक्त नव्हे.

१० ऑक्टोबरपर्यंत नऊ पतंग निघाले : सहा नर, तीन माद्या. नर आधी निघतात. पहिली मादी आली ३ ऑक्टोबरला, तोवर पहिले नर सोडून दिलेले. सख्ख्या भावंडांचं मीलन लावून घरी पिढी वाढवायची नव्हती, म्हणून माद्याही त्याच पेरूवर सोडल्या.

राहिले सात कोष, आणि इथून अवघड भाग सुरू होतो.

अळ्यांचे दीड महिने धावपळीत जातात. कोषाचे आठ-नऊ महिने काहीच होत नाही. एकाच मादीची अंडी, एकच पाला, एकच खोली, तरी काही कोष महिन्यात उघडतात आणि काही पुढच्या पावसापर्यंत झोपतात. लहान होत जाणारे दिवस, उतरतं तापमान आणि हवेतला ओलावा यावर ते ठरतं. कोरड्या दिवसांत बाहेर येऊन अळ्यांना कोवळा पाला मिळणार नाही, म्हणून प्युपा आतल्या आत थांबतो. तो मेलेला नसतो. दिवाळीच्या साफसफाईत असे कोष कचऱ्यात जातात.

जिवंत आहे की नाही हे ओळखायला कोष कापायची गरज नाही. ४५० रुपयांचा सोनाराच्या धर्तीचा छोटा काटा घेतला आणि दर महिन्याच्या १ तारखेला प्रत्येक कोष तोलला. आमच्या सर्वांत जड कोषाचं वजन सप्टेंबरमध्ये १०.२ ग्रॅम होतं, फेब्रुवारीत ९.४. महिन्याला एवढीशी घट चालते. एकदम अर्ध्यावर आला तर तो गेला. दुसरी खूण आवाजाची : हळूच हलवला तर जिवंत प्युपा जड, बद्द वाजतो, मेलेला खुळखुळतो. रोज वाजवून बघू नका. फ्रिजमध्ये ठेवू नका. तो सल्ला थंड देशांतल्या पतंगांसाठी आहे. हा उष्ण कटिबंधातला, त्याला गारठाही नको आणि फ्रिजमधली कोरडी हवा तर मुळीच नको.

हिवाळाभर पिंजरा ओसरीच्या सावलीत टांगला. आठवड्यातून एकदा पाण्याचा हलका फवारा. मार्चपासून ओलावा ३० टक्क्यांवर येऊ लागला तेव्हा पिंजरा माठाच्या कोपऱ्यात हलवला आणि फवारा दिवसाआड केला. फवाऱ्यानंतर तासाभरात कोष वाळला पाहिजे. ओला राहिला तर बुरशी धरतो. एप्रिलमध्ये लग्नसराईत घर पाहुण्यांनी भरलं, तेव्हा दोन कोष काढून आतल्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीत ठेवले गेले आणि तीन आठवडे तिथेच राहिले.

३१ मेपासून रोज संध्याकाळी भरपूर फवारा, जणू पाऊसच. २०२४ला मृगानं वेळेवर हजेरी लावली. ८ जूनच्या रात्री पहिला जोरदार पाऊस, तेव्हा पिंजरा ओसरीच्या कडेला, तुषार लागतील असा टांगला. १४ जूनला सकाळी साडेआठला मादी. मग १५, १७, १९ आणि २३ तारखेला आणखी चार.

१४ च्या मादीला पिंजऱ्यातच ठेवलं. ती पहिल्या रात्री जागची हलली नाही, पोटाचं टोक बाहेर काढून लटकून राहिली. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी पिंजऱ्याबाहेरच्या कापडावर रानातला एक नर आपटू लागला. पिंजऱ्याचं दार अलगद उघडून बाजूला व्हायचं, दिवा लावायचा नाही. सकाळी दोघं जोडीनं लटकलेली होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला सुटी झाली. ती अंधार पडल्यावर उडाली.

वर्षाचा खर्च : मलमल २४०, डबे २४०, ब्रश २०, ओलावामापक ३५०, काटा ४५०, पिंजऱ्याची बांबूची चौकट ३००, सात-बारा १५, झेरॉक्स आणि फोटो ६०. एकूण १,६७५ रुपये, कार्यालयाच्या खेपांचं पेट्रोल सोडून. पुन्हा करायचं झालं तर पहिल्या दिवशी ओलावामापक आणि काटा घेतला असता, डबे एवढे घेतले नसते.

१ जुलैला वनखात्याच्या त्याच कार्यालयात शेवटचं पत्र दिलं : १९ कोष, १४ पतंग, त्यांपैकी १३ सोडले, एक पंख चुरगळल्यानं घरीच मेला, तीन कोषांत माशी, दोन बंद. या वेळी आवक शिक्का दोन मिनिटांत मिळाला.

ते दोन बंद कोष २० जुलैपर्यंत ठेवले, मग कापले. दोन्हींत प्युपा सुपारीसारखा वाळून खडखडीत. एप्रिलमध्ये खिडकीत ठेवलेले तेच दोन. वजनाच्या वहीत १ मेच्या नोंदीतच दोन्ही निम्म्यावर आलेले दिसतात, पण तेव्हा पानावर फक्त आकडे लिहिले होते, मागच्या महिन्याशी ताडून पाहिले नव्हते.